पुढच्या पाळीचा भरवसा

अष्टमी ही तिथी, आणि अष्टमी हे गावाचेही नाव. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी लागते. मध्ये नदी असली तरी दोन्हींची नगरपरिषद एकच आहे. या पुलावर थोडा वेळ उभे राहिले की पाणी कधी वर चढताना दिसते, कधी उतरताना. रेवदंड्याजवळ समुद्राला मिळणारी ही नदी खाडीच्या रूपाने इतक्या आतवर येते.

खाडीकाठच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला पुस्तक लागत नाही. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, की घड्याळातली वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमी म्हणजे आठ, त्याचे पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशी भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. खाडीत जितके आत जाल तितका उशीर धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. हे वेळापत्रक कोणी मंजूर केलेले नाही आणि त्याविरुद्ध कोणी कधी अर्ज केल्याचेही ऐकिवात नाही. ज्याला आज मध्यरात्री होडी बाहेर काढावी लागते, त्याला आठवड्याने तीच भरती सकाळी मिळते. गैरसोय आहे, पण ती फिरती आहे. आणि पुढची वेळ कोणती, हे सरपंचालाही कळते आणि खलाशालाही.

हे सांगण्याचे कारण असे, की याच नदीत वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचेही एक वेळापत्रक आहे आणि ते मात्र असे सरळ नाही. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या बहुतेक नद्या आटतात, कुंडलिका वाहते. ती वाहते भिऱ्यामुळे. मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी, जे एरवी मुळेतून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला गेले असते, ते घाटाखाली भिऱ्याला उतरवून त्यावर वीज निर्माण करायची, असा हा टाटांचा प्रकल्प. त्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला. तो अखेर मोडला. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेले ते पाणी कुंडलिकेला मिळाले. पुढे त्याच पाण्यावर खाली ८० मेगावॉटचे आणखी एक केंद्र उभे राहिले.

म्हणजे ही नदी उन्हाळ्यात केव्हा भरायची, हे तिच्या काठावर ठरत नाही. विजेची मागणी केव्हा आहे, त्यावर ते ठरते. पाणी सुटले की कोलाडजवळ तराफ्यांवर बसून पर्यटक सकाळी नदी उतरतात. त्यांचा सारा व्यवसाय त्या दोन-तीन तासांच्या पाण्यावर उभा आहे. त्यानंतर डोलवहालच्या बंधाऱ्यावर पाणी अडते आणि काळ प्रकल्पाच्या कालव्यांतून रोहा-माणगावच्या शेतांकडे वळते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीला पाणी हवे, गावांच्या नळांना हवे. पाणी एक, दावेदार अनेक, आणि प्रत्येकाला ते आपल्या सोयीच्या वेळी हवे. अशा वेळी कोणाला किती, हा प्रश्न आपण मोठ्याने विचारतो. कोणाला केव्हा, हा प्रश्न मात्र कारकुनी म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे असे की खरा न्याय-अन्याय बहुधा या दुसऱ्या प्रश्नात लपलेला असतो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका कालव्याच्या शेवटाकडे मी एका रात्री गेलो होतो. चारीचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण अशा चाऱ्या महाराष्ट्रभर आहेत. उन्हाळी भात होते. खाचरात घोट्याच्या वर पाणी उभे होते, बांधावरून ते शेजारच्या पडीक तुकड्यात सांडत होते आणि सत्तरीचा एक शेतकरी कंदील घेऊन दाराशी बसून होता. मी म्हटले, "काका, शेत तर भरलंय. आता दार लावून घरी का जात नाही?"

म्हातारा हसला. "भरलंय, ते मलाही दिसतंय. पण पुढची पाळी कधी येईल, ते तू सांगतोस का? तू सांग, मी आत्ता दार लावतो."

मला सांगता आले नाही. तेथून मैलभर वरच्या अंगाला आणखी कोणी तरी असाच जागत बसला असेल, त्याचेही शेत असेच सांडत असेल आणि त्याच्याही मनात हाच प्रश्न असेल. गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या त्या पाण्याला मी तेव्हापासून मनातल्या मनात 'अविश्वासाचे पाणी' म्हणतो. ते पिकासाठी घेतलेले नसते; पुढची पाळी चुकेल या भीतीपोटी घेतलेले असते. वरच्याने भीतीपोटी जास्त घेतले की खालच्याची पाळी खरोखरच चुकते आणि मग खालच्याची भीती खरी ठरते.

पाळी ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे जो आधी येईल त्याला आधी. ही रीत निःपक्षपाती वाटते, कारण तिच्यात कोणाचे तोंड पाहिले जात नाही. पण ती कशाला बक्षीस देते ते पाहिले पाहिजे. कालव्यावर ती दाराजवळ घर असलेल्याला बक्षीस देते. नळकोंडाळ्यावर ज्या घरात रांगेत उभे राहायला रिकामे माणूस आहे त्याला देते. गणपतीत कोकणात येण्यासाठी रेल्वेचे आरक्षण खुले होते आणि काही मिनिटांत प्रतीक्षा यादी लागते, तेव्हा ती वेगवान बोटांना आणि दलालांना देते. गावच्या सभागृहाची लग्नसराईतली तारीख वर्षभर आधी अडवून ठेवणाऱ्याला ती देते, मग त्याच्या घरचे लग्न ठरलेले असो वा नसो. यांपैकी एकाही ठिकाणी गरज मोजली जात नाही.

दुसरी रीत लिलावाची: जो जास्त पैसे देईल त्याला सोयीची वेळ. या रीतीचे समर्थक सांगतात की त्यामुळे वेळ वाया जात नाही. ते खरे आहे. पण ज्या सोयीवर सर्वांचे सारखे पोट आहे, तिथे पैसा हे गरजेचे माप होऊ शकत नाही.

मग राहते ती तिसरी रीत: सर्वांना सारखा वेळ. पंजाब-हरियाणात हिचे शास्त्र झाले आहे. तिला वारबंदी म्हणतात आणि १८७३ च्या कालवे कायद्याचा तिला आधार आहे. आठवड्याचे तास १६८. एका दाराखाली समजा ४० हेक्टर जमीन आहे. तर हेक्टरी ४ तास १२ मिनिटे. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वेळ. वार आणि घटका ठरलेली, ती पुढच्या आठवड्यात तीच. यात पाटकऱ्याची मर्जी राखावी लागत नाही आणि अर्जही करावा लागत नाही.

पण सारखे घड्याळ म्हणजे सारखे पाणी नव्हे. कोरडी चारी भरायलाच काही वेळ जातो, तो कोणाच्या खात्यावर टाकायचा? वारबंदीने याचा विचार केला आहे. ज्याच्या पाळीत चारी भरते त्याला तेवढा वेळ वाढवून मिळतो. त्याला 'भराई' म्हणतात. ज्याच्या पाळीत दार बंद झाल्यावरही चारीतले उरलेले पाणी वाहत येते, त्याचा तेवढा वेळ कापतात, ती 'झडाई'. रात्रीच्या पाळीचाही विचार आहे: काही ठिकाणी दरवर्षी सारे वेळापत्रक बारा तासांनी पुढे सरकवतात, म्हणजे ज्याला यंदा रात्र आली त्याला पुढच्या वर्षी दिवस. तरीही एक दोष उरतोच. वाटेत जमिनीत मुरणारे पाणी शेवटच्या शेतकऱ्याच्याच नावावर पडते. त्याच्या तासात आणि पहिल्याच्या तासात मिनिटे सारखी असतात, पाणी नसते.

आपल्याकडची शेजपाळी वेगळ्या विचाराची. शेतकऱ्याने सात नंबरच्या नमुन्यावर पाणीअर्ज भरायचा, मंजुरी मिळाली की शेताला शेत लागून क्रमाने पाणी फिरवायचे. पिकाची गरज पाहण्याची सोय या पद्धतीत आहे. परंतु पाळी तासांनी बांधलेली नसेल तर प्रत्येक जण आपले समाधान होईपर्यंत घेतो, आणि समाधानाला माप नसते. आवर्तन शेवटच्या टोकाकडून सुरू करायचे की सुरुवातीकडून, यावरच मग निम्मा न्याय अवलंबून राहतो. शेवटाकडून सुरू केले तर वरच्यांना पाणी सोडून देण्याचा धीर धरावा लागतो. पण त्यांचे पाणी कोठे पळून जात नाही, ते त्यांच्या दारावरूनच वाहत असते. सुरुवातीकडून सुरू केले तर खालच्यांना धीर धरावा लागतो आणि त्यांच्या हाती धीराखेरीज काही नसते.

याहून जुना एक धडा खानदेशात आहे. पांझरेसारख्या नद्यांवर काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते, एका फडात एका हंगामात एकच पीक घेतात आणि एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत असते. मला या पद्धतीतले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते ते असे, की पाणी शेतकरी स्वतः देत नाही. सर्वांनी मिळून नेमलेला पाटकरी देतो. त्यामुळे प्रत्येकाला कंदील घेऊन रात्र जागवावी लागत नाही आणि आपल्या शेतात चार घटका जास्त पाणी ठेवण्याचा मोहही होत नाही. पाणी कमी असले तर त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात. तुटीचा वाटा साऱ्यांना उचलावा लागतो, शेवटच्या चार जणांच्या माथी ती येत नाही.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली, ती तर आणखी पुढे गेली. तिथे पाणी जमिनीवर न मोजता माणसांवर मोजले: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. वाटणीचे माप कोणते धरायचे, हा निर्णय वेळापत्रकाच्या आधी घ्यावा लागतो हे तिथे दिसले.

रात्रीचा प्रश्न कालव्यापुरता नाही. राज्यात कृषिपंपांची वीज अनेक वर्षे चक्राकार पद्धतीने दिली गेली: कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. रात्रीचे दोन तास जास्त, ही गैरसोयीची भरपाई म्हणायची. हिशेबाला ती बरी दिसते. पण काळोखात ओल्या बांधावरून चालताना साप चावला तर दोन तासांनी ती भरपाई होत नाही. शेतकऱ्यांनी दिवसा विजेची मागणी लावून धरली ती याचसाठी, आणि २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली तीही यासाठीच. काही गैरसोयी वाटून घ्यायच्या असतात आणि काही मुळातच काढून टाकायच्या असतात. पाळी लावणाऱ्याने आधी हा भेद करायला हवा.

यावर पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेले एक स्नेही मला म्हणाले, "अहो, तुमचा न्याय ठीक आहे, पण त्यात लवचीकपणा जातो. ज्याला गरज नाही त्याच्या पाळीत पाणी फुकट जाते, आणि ज्याचे पीक वाळते आहे तो वाट पाहत बसतो. कार्यक्षमता हवी असेल तर थोडा न्याय सोडावा लागतो." हा आक्षेप हलका नाही. ठरलेली पाळी आंधळी असते. तिला रोपाची पिवळी पाने दिसत नाहीत.

पण या आक्षेपाला उत्तर आहे आणि ते त्या म्हाताऱ्याच्या खाचरात मी पाहिले आहे. तिथे जे पाणी सांडत होते ते पाळी कडक असल्यामुळे सांडत नव्हते, पाळी बेभरवशाची असल्यामुळे सांडत होते. पुढची पाळी अमक्या वारी अमक्या वेळी येणारच, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो आज गरजेपुरते घेऊन दार लावतो. शेजाऱ्याशी पाळी बदलून घेण्याची हिंमतही त्यालाच होते, कारण देण्यासाठी त्याच्या हाती काही निश्चित असते. "माझी बुधवारची तू घे, तुझी शनिवारची मला दे," हा व्यवहार दोघांच्याही पाळ्या पक्क्या असतील तरच होतो. लवचीकपणा हवा तर तो असा, भरवशाच्या पायावर उभा असलेला हवा. वरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीतला लवचीकपणा शेवटी ज्याची ओळख त्याच्याच उपयोगी पडतो. न्याय आणि काटकसर यांचे भांडण आपण समजतो तितके मोठे नाही.

कायद्याने वाट मोकळी केलेली आहे. २००५ चा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा पाणीवापर संस्थांना मोजून पाणी द्यायला सांगतो आणि आतली वाटणी त्यांच्यावर सोपवतो. संस्था कागदावर काढणे सोपे असते. पाळीचा तक्ता चारीवर लावणे अवघड. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. जानेवारीत लावणीच्या आधी प्रत्येक चारीच्या तोंडाशी फळा असावा, त्यावर नाव, वार आणि वेळ असावी. आवर्तन शेवटाकडून सुरू व्हावे. रात्रीच्या पाळ्या आवर्तनागणिक फिराव्यात, आणि जमेल तिथे फडासारखा सामाईक पाटकरी ठेवून रात्रीचे जागरण एकट्या-दुकट्याच्या गळ्यात पडू देऊ नये. न वापरलेली पाळी आदल्या संध्याकाळपर्यंत परत करणाऱ्याला पुढच्या आवर्तनात तिचा मोबदला मिळावा. न कळवता फुकट घालवणाऱ्याला मिळू नये. बदललेल्या पाळ्याही त्याच फळ्यावर सर्वांसमोर लिहिल्या जाव्यात. आणि कुंडलिकेपुरते बोलायचे तर नदीत पाणी केव्हा सुटणार याचे वेळापत्रक वीज, शेती, कारखाने, नळयोजना आणि पर्यटन या सर्वांनी एका टेबलावर बसून हंगामापूर्वी ठरवावे आणि गावोगाव लावावे. विजेची गरज ऐन वेळी बदलते, हे मान्य. बदलली तर बदल कळवता येतो. पण बदल कळण्यासाठी आधी काही तरी ठरलेले असावे लागते.

हे आपल्या माणसांना जमणार नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याला यावे. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी पोलिसांची सशस्त्र मानवंदना घेऊन निघते आणि रात्रभर गावातून फिरते. कोणाच्या दारी ती संध्याकाळी येते, कोणाच्या दारी रात्री तीन वाजता. तीन वाजता ज्याचे दार आहे तो रांगोळी काढून, दिवा लावून जागा असतो. पालखी आपले दार चुकवणार नाही, हे त्याला ठाऊक असते. ही श्रद्धेची गोष्ट झाली, पाण्याचा व्यवहार तसा नाही, हे मीही जाणतो. परंतु माणूस रात्री तीनची पाळीही आनंदाने घेतो, अट एवढीच की ती नक्की येणार असावी आणि दुसऱ्या कोणाच्या वशिल्याने पुढे-मागे होणार नसावी.

अष्टमीच्या पुलाखालून भरती येते आणि जाते. तिची वेळ काढायला पाऊणपटीचे एक गणित पुरते आणि त्यात कोणाला हात घालता येत नाही. वरून येणाऱ्या पाण्याचे वेळापत्रक माणसांनी करायचे आहे, म्हणून ते इतके अचूक होणार नाही. पण चारीच्या शेवटाला कंदील घेऊन बसलेल्या माणसाला पुढची पाळी कधी, एवढे सांगता आले, तर तो दार लावून घरी जाऊन झोपेल. त्या रात्री वाचलेले पाणी कोणत्याही धरणात साठवावे लागणार नाही.